सांता क्रोचे : फ्लॉरेन्सचें स्मृतिमंदिर

इटलीच्या मध्यभागीं आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर फ्लॉरेन्स हें नगर वसलेलें आहे. युरोपांत विद्या व कला यांच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ ज्या थोड्या नगरांत झाला, त्यांत ह्या नगराचें स्थान पहिलें. त्याच्या पूर्वभागांत, एका विस्तीर्ण चौकाच्या टोकास, ‘सांता क्रोचे’ म्हणजे ‘पवित्र क्रूस’ ह्या नांवाचें एक भव्य ख्रिस्ती मंदिर उभें आहे. फ्लॉरेन्सचें मुख्य मंदिर तें हें नव्हे. तें नगराच्या मध्यावर असून त्याचा प्रचंड घुमट कोसाकोसावरून दिसतो. परंतु आपल्या राष्ट्राचे थोर पुरुष कोठें विसावले आहेत, असें इटालियन मनुष्यास विचारलें तर तो सांता क्रोचेकडेच बोट दाखवील. मायकेल अँजेलो, गॅलिलिओ, मॅकिआव्हेली, रोसिनी हे सारे तेथें एका छपराखालीं चिरनिद्रा घेत आहेत.

थोरांचीं थडगीं पुष्कळ देशांत आहेत. तेवढ्यानें ह्या मंदिराचें वेगळेपण सिद्ध होत नाहीं. सांता क्रोचेचें खरें वैशिष्ट्य असें कीं, येथें ज्यांचा सन्मान झालेला दिसतो, त्यांतील कित्येकांना त्यांच्या हयातींत ह्याच नगरानें अथवा त्या काळच्या सत्ताधीशांनीं छळलें, हांकलून दिलें किंवा गप्प बसविलें होतें. ज्या चित्रांसाठीं आज देशोदेशींचे रसिक येथें येतात, त्या चित्रांवर एके काळीं ह्याच मंदिरांत चुना फासला गेला होता. विस्मरण आणि त्याचें प्रायश्चित्त, ह्या दोन गोष्टी सांता क्रोचेच्या सातशें वर्षांच्या इतिहासांत पुनःपुन्हां भेटतात. 

ह्या मंदिराचा आरंभ दारिद्र्याच्या व्रतांतून झाला. असिसी गांवचा संत फ्रान्सिस इ. स. १२२६ सालीं वारला. तो एका श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा. ऐन तारुण्यांत त्यानें बापाच्या संपत्तीवर पाणी सोडलें, अंगावरचीं वस्त्रेंसुद्धां परत केलीं, आणि तो गोरगरिबांत व महारोग्यांत राहूं लागला. त्याच्या अनुयायी भिक्षूंनीं फ्लॉरेन्समध्यें वस्तीसाठीं जागा निवडली, तीही त्या व्रतास साजेशीच. गांवकुसाबाहेरची, नदीच्या पाण्यानें दलदलीची झालेली ती भूमि होती; आसपास लोंकर रंगविणारे व इतर कष्टकरी लोक राहत. तेथें प्रथम एक लहानसें प्रार्थनामंदिर होतें. भिक्षूंचें प्रवचन ऐकावयास लोटणारी गर्दी त्यांत मावेना, तेव्हां इ. स. १२९४ च्या सुमारास आजच्या मंदिराचा पाया घालण्यांत आला. हा आराखडा आर्नोल्फो दि कांबिओ ह्या स्थपतीचा, असें परंपरा सांगते.

मंदिराची लांबी सुमारें ११५ मीटर आहे. जगांतील फ्रान्सिस्कन पंथाच्या मंदिरांत हें सर्वांत मोठें गणलें जातें. त्याचा आराखडा इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा आहे. त्या काळच्या फ्रेंच मंदिरांप्रमाणें येथें दगडी कमानींचें उंच छत नाहीं. वर साध्या लांकडी तुळया उघड्या दिसतात. बाजूच्या उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश, दोहों बाजूंचे रुंद अंतरावरचे खांब आणि समोर वेदीच्या दोन्ही अंगांस असलेली लहान लहान उपमंदिरांची ओळ, अशी त्याची रचना आहे. मोठ्या जनसमुदायानें बसून प्रवचन ऐकावें, हाच हेतु ह्या रचनेंत स्पष्ट दिसतो.

पण एवढें मोठें बांधकाम भिक्षेच्या झोळींतून थोडेंच होणार? त्यासाठीं पैसा आला तो फ्लॉरेन्सच्या सावकारांकडून. तेराव्या आणि चौदाव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या पेढ्या सर्व युरोपभर पसरल्या होत्या. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणें व्याज घेणें हें पाप. तेव्हां सावकार कुटुंबांनीं मंदिरांत एकेक उपमंदिर आपल्या नांवें करून घ्यावें, तें चित्रांनीं सजवावें, तेथें आपल्या मृतांस जागा मिळवावी, आणि भिक्षूंनीं त्यांच्या आत्म्यासाठीं प्रार्थना कराव्या, असा एक परिपाठच पडला. ही गोष्ट पंथांतील निष्ठावंतांना खटकल्यावांचून राहिली नाहीं. ह्याच मठांत राहिलेल्या उबेर्तिनो दा कासाले ह्या भिक्षूनें संघांत शिरलेल्या वैभवावर कडक टीका केली. परंतु काळाचा ओघ त्याच्या बाजूचा नव्हता.

ह्या विसंगतींतूनच एक अमोल वस्तु निर्माण झाली. मुख्य वेदीच्या उजव्या हातास बार्डी आणि पेरुझी ह्या दोन सावकार घराण्यांचीं उपमंदिरें शेजारीं शेजारीं आहेत. चौदाव्या शतकाच्या पहिल्या काहीं दशकांत त्यांच्या भिंती जॉत्तो ह्या चित्रकारानें रंगविल्या. पेरुझींच्या उपमंदिरांत बाप्तिस्मा देणारा योहान व प्रेषित योहान यांचीं चरित्रें आहेत; बार्डींच्या उपमंदिरांत संत फ्रान्सिसचें. ज्या संतानें बापाची पैशाची थैली व अंगावरचें वस्त्र झुगारून दिलें, त्याची कथा युरोपांतील सर्वांत धनाढ्य पेढीवाल्याच्या खर्चानें चितारली जावी, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

त्यांतील दोन चित्रें विशेष लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें वस्त्रत्यागाचें. मध्यें एका मोठ्या वाड्याचा कोपरा पुढें आलेला आहे. एका बाजूस संतापलेला बाप मुलाच्या अंगावर धांवून जात आहे आणि लोक त्याला दंडाला धरून आंवरीत आहेत. दुसऱ्या बाजूस धर्माध्यक्षानें उघड्या फ्रान्सिसला आपल्या झग्यांत घेतलें आहे. दोन्ही टोकांना पोरें दगड मारूं पाहतात आणि मोठीं माणसें त्यांना मागें ओढतात. धर्मकथेचें चित्र असूनही त्यांत एका घरच्या भांडणाचा सारा ताप उतरला आहे. दुसरें चित्र फ्रान्सिसच्या मृत्यूचें. भिक्षु त्याच्या शय्येभोंवतीं गुडघे टेकून बसले आहेत. कोणी हाताचें चुंबन घेतो, कोणी पायांचें. कोणी दुःखानें हात वर केले आहेत. एकाची मान मात्र वर वळलेली आहे. देवदूत फ्रान्सिसचा आत्मा वर नेत आहेत हें त्या एकालाच दिसलें आहे. जॉत्तोच्या पूर्वींच्या चित्रांत आकृति बहुधा सपाट, निश्चल आणि सोनेरी पार्श्वभूमीवर मांडलेल्या असत. जॉत्तोच्या माणसांना वजन आहे, पाठ आहे, शेजारच्या माणसाशीं नातें आहे. म्हणूनच पुढें शंभर वर्षांनीं मासाच्चो आणि त्यानंतर तरुण मायकेल अँजेलो ह्यांनीं ह्या भिंतींपुढें उभें राहून चित्रकलेचे धडे घेतले. मायकेल अँजेलोनें पेरुझी उपमंदिरांतील दोन आकृतींची केलेली नक्कल अद्याप उपलब्ध आहे.

ह्या दोन उपमंदिरांच्या चित्रणपद्धतींत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि त्यांच्या पुढील दैवास तोच बऱ्याच अंशीं कारण झाला. बार्डींच्या भिंतींवर जॉत्तोनें ओल्या गिलाव्यावर चित्रें काढलीं. ह्या पद्धतींत एका दिवसांत रंगवून होईल तेवढ्याच भागावर चुन्याचा ताजा गिलावा चढवितात आणि पाण्यांत कालविलेले रंग त्यावर लावतात. गिलावा वाळतांना हवेंतील वायूशीं त्याचा संयोग होतो आणि रंग जणूं दगडांत कोंडला जातो. पेरुझींच्या भिंतींवर त्यानें वाळलेल्या गिलाव्यावर रंग लावले. त्यांत काम लवकर उरकतें, पण रंग वरवरच राहतो. ह्यामुळें पेरुझींचीं चित्रें आज बरींच पुसट झालीं आहेत.

ज्यांनीं ह्या भिंती रंगविल्या त्यांचें वैभव मात्र रंग जुने होण्यापूर्वींच लयास गेलें. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड ह्यास फ्रान्सशीं युद्ध करण्यासाठीं ह्या पेढ्यांनीं अवाढव्य कर्जें दिलीं होतीं. समकालीन बखरकार व्हिल्लानी ह्यानें बार्डींचें येणें ९ लक्ष आणि पेरुझींचें ६ लक्ष सुवर्ण फ्लोरिन असल्याचें नमूद केलें आहे. राजानें कर्ज फेडलें नाहीं. इतरही कारणें त्यास मिळालीं, आणि १३४३ सालीं पेरुझींची व १३४६ सालीं बार्डींची पेढी बुडाली. १३४८ सालीं महामारी आली व तिनें नगराचा मोठा भाग गिळला. त्यांत तो बखरकारही गेला.

तरीही मंदिराचें काम थांबलें नाहीं. जॉत्तोचा शिष्य ताद्देओ गाद्दी ह्यानें बारोन्चेल्ली उपमंदिरांत रात्रीच्या अंधारांत देवदूताच्या तेजानें उजळलेले मेंढपाळ रंगविले; रात्रीच्या प्रकाशाचें असें चित्रण त्यापूर्वीं क्वचितच झालें होतें. त्याचा मुलगा आन्योलो ह्यानें मुख्य वेदीमागें, ज्यावरून मंदिरास नांव मिळालें त्या पवित्र क्रूसाची कथा चितारली. पंधराव्या शतकांत दोनातेल्लोनें येथें करड्या दगडांत मेरीला देवदूतानें दिलेल्या शुभवार्तेचें शिल्प कोरलें व त्यावर सोनें चढविलें. अंगणांत ब्रुनेलेस्की ह्या थोर स्थपतीच्या आराखड्याप्रमाणें पात्सी घराण्यासाठीं एक प्रमाणबद्ध लहान वास्तु उभी राहिली. १४४३ सालीं पोप चौथा युजीन ह्याच्या उपस्थितींत मंदिराची प्रतिष्ठापना झाली. पुढें १४७८ सालीं ह्याच पात्सींनीं मेदिची घराण्याविरुद्ध कट केला. तो फसला, आणि सांता क्रोचेंत पुरलेलें याकोपो पात्सीचें प्रेत उकरून काढून शेवटीं आर्नो नदींत फेंकलें गेलें. मंदिरांत जागा मिळाली म्हणून ती टिकेलच असें नव्हतें.

सोळाव्या शतकांत अभिरुचि बदलली. फ्लॉरेन्सचा अधिपति पहिला कोसिमो ह्याच्या आज्ञेनें १५६६ च्या सुमारास जोर्जो व्हासारी ह्यानें मंदिराचें अंतरंग नव्यानें रचिलें. भिक्षु व सामान्य जन यांना विभागणारी मधली जुनी भिंत त्यानें पाडली. बाजूच्या भिंतींवर ओर्कान्याचीं मृत्यूचा विजय, न्यायाचा दिवस व नरक यांचीं विशाल चित्रें होतीं. तीं झांकून त्या जागीं एकसारख्या वेदी बसविल्या. हा व्हासारी म्हणजेच इटलीच्या चित्रकारांचीं चरित्रें लिहून जॉत्तोची कीर्ति अजरामर करणारा ग्रंथकार. एका हातानें त्यानें जुन्या चित्रकारांची स्तुति लिहिली आणि दुसऱ्या हातानें त्यांचीं चित्रें झांकलीं. ओर्कान्याच्या त्या चित्रांचे जे तुकडे विसाव्या शतकांत हातीं लागले, ते आज मठाच्या वस्तुसंग्रहांत आहेत.

अठराव्या शतकांत जॉत्तोचीही तीच गत झाली. त्याचीं चित्रें जुनाट व ओबडधोबड वाटूं लागलीं, आणि दोन्ही उपमंदिरांच्या भिंती चुन्यानें पांढऱ्या करण्यांत आल्या. पुढें बार्डी उपमंदिरांत त्या भिंतींवरच नवीं थडगीं बसविलीं गेलीं. तीं बसवितांना फ्रान्सिसच्या मृत्यूच्या चित्रांतून एक मोठा तुकडा कायमचा नाहींसा झाला. असें करणारे लोक दुष्ट नव्हते. आपल्या मंदिरास स्वच्छ व शोभिवंत करीत आहों, अशीच त्यांची समजूत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चुना खरवडण्यांत आला आणि जॉत्तो पुन्हां उजेडांत आला. बार्डी उपमंदिराचें काम १८५२ सालीं गाएतानो बिआंकी ह्याच्याकडे गेलें. त्यानें मोठ्या आस्थेनें चित्रें उघडीं केलीं. पण जेथें चित्र नाहींसें झालें होतें, तेथें आपल्या कल्पनेनें नवीन आकृति भरल्या. पाहणाऱ्यास चित्र पूर्ण दिसलें. जॉत्तो कोठें संपतो व बिआंकी कोठें सुरू होतो, हें मात्र कळेनासें झालें. विसाव्या शतकाच्या मध्यास लेओनेत्तो तिन्तोरी ह्या तज्ज्ञानें ती भर काढून टाकली. आज फ्रान्सिसच्या मृत्युशय्येच्या चित्रांत थडग्याच्या आकाराची एक रिकामी जागा स्पष्ट दिसते.

चांगल्या हेतूनें केलेली दुरुस्ती कशी अंगलट येते, ह्याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतही आहे. १९२० ते १९२२ ह्या काळांत निजाम सरकारनें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचें रक्षण करण्यासाठीं इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी ह्या तज्ज्ञांस बोलाविलें होतें. त्यांनीं सुटणारे पोपडे भिंतीस चिकटवून पुष्कळ चित्रें वांचविलीं. परंतु त्या वेळीं लावलेला लाखेचा रोगण पुढें पिवळा व काळसर पडला, आणि तो काढण्याचें कष्टाचें काम नंतरच्या पिढ्यांवर आलें.

आतां थडग्यांकडे वळूं. मुख्य दारानें आंत शिरतांच उजव्या हातास मायकेल अँजेलोचें थडगें आहे. त्याचें बालपण ह्याच वस्तीच्या आसपास गेलें होतें. मेदिचींची एकछत्री सत्ता त्यास मानवली नाहीं. १५३४ सालीं त्यानें फ्लॉरेन्स सोडलें आणि पुढें तीस वर्षें तो रोममध्येंच राहिला. १८ फेब्रुवारी १५६४ रोजीं तो वारला, तेव्हां त्यास रोममध्येंच पुरावें असा पोपचा मानस होता. पण पुतण्यानें त्याचें शव व्यापारी मालाच्या गांठोड्यासारखें बांधून गुपचुप फ्लॉरेन्सला धाडलें. तेथें नगरांतील कलावंतांनीं रात्रीच्या वेळीं मशालींच्या उजेडांत तें खांद्यावरून सांता क्रोचेंत आणलें. थडग्याची रचना व्हासारीची. चित्र, शिल्प व वास्तु ह्या तीन कला स्त्रीरूपानें खालीं शोकमग्न बसल्या आहेत.

त्याच्या समोर, डाव्या हातास, गॅलिलिओचें थडगें आहे. मायकेल अँजेलोच्या मृत्यूपूर्वीं अवघे तीन दिवस गॅलिलिओचा जन्म झाला होता. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते ह्या मताबद्दल १६३३ सालीं रोमच्या धर्मन्यायालयानें त्यास दोषी ठरविलें; उरलेलें आयुष्य त्यानें फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथें नजरकैदेंत काढलें व शेवटचीं वर्षें तो आंधळाही झाला. ८ जानेवारी १६४२ रोजीं तो वारला. फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या मनांत त्याचें थडगें ह्या मंदिरांत मायकेल अँजेलोच्या थडग्यासमोर बांधावयाचें होतें. परंतु दोषी ठरलेल्या मनुष्याचा असा गौरव झाल्यास जगापुढें वाईट उदाहरण घालून दिल्यासारखें होईल, असें पोप आठवा अर्बन ह्यानें कळविलें. ड्यूक मागें सरला. जगाला आकाश दाखविणाऱ्या त्या पुरुषास घंटामनोऱ्याखालील एका अडगळीच्या खोलींत पुरण्यांत आलें.

त्याचा शिष्य व्हिव्हियानी हा मात्र स्वस्थ बसला नाहीं. गुरूच्या अंतकाळीं तो कोवळा तरुण होता. त्यानंतर सुमारें साठ वर्षें त्यानें थडग्यासाठीं खटपट केली, आणि ती आपल्या हयातींत सिद्धीस जात नाहीं असें पाहून मृत्युपत्रांत त्यासाठीं द्रव्य ठेविलें. १७०३ सालीं तो वारला. अखेर १२ मार्च १७३७ रोजीं, म्हणजे मृत्यूनंतर पंचाण्णव वर्षांनीं, गॅलिलिओच्या अस्थि मुख्य मंदिरांत आल्या. त्या वेळीं गुरुशिष्यांच्या अस्थींसमवेत एका स्त्रीच्याही अस्थि आढळल्या. गॅलिलिओची लाडकी कन्या, जोगीण झालेली मारिया चेलेस्ते, हिच्याच त्या असाव्या असें मानतात. तिघांच्याही अस्थि एकाच थडग्यांत ठेविल्या गेल्या. रोमच्या धर्मपीठानें गॅलिलिओवर अन्याय झाल्याचें जाहीरपणें मान्य केलें तें १९९२ सालीं. तें कार्य त्याच्या नगरानें त्यापूर्वीं अडीचशें वर्षें केलें होतें.

मॅकिआव्हेलीची कथा थोडक्यांत अशीच. त्यानें फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची चौदा वर्षें इमानानें सेवा केली. १५१२ सालीं मेदिची परत येतांच त्याची नोकरी गेली. पुढल्याच वर्षीं कटाच्या संशयावरून त्यास दोरानें टांगून त्याचे हाल करण्यांत आले. १५२७ सालीं तो वारला आणि नंतर त्याचे ग्रंथ रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादींत गेले. सांता क्रोचेंत त्याचें स्मारक झालें तें १७८७ सालीं. ह्या नांवास शोभेल अशी स्तुतीच नाहीं, अशा अर्थाचे पांच लॅटिन शब्द त्यावर कोरले आहेत.

सर्वांत बोलकें थडगें मात्र रिकामें आहे. इटालियन भाषेचा आद्य महाकवि डान्टे ह्यास १३०२ सालीं फ्लॉरेन्सनें हद्दपार केलें व परत आल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा फर्माविली. तो पुन्हां जन्मभूमीस आला नाहीं. १३२१ सालीं रॅव्हेना येथें वारला व तेथेंच पुरला गेला. पुढें फ्लॉरेन्सला पश्चात्ताप झाला. अस्थि मिळाव्या म्हणून त्यानें पुनःपुन्हां मागण्या केल्या. १५१९ सालच्या विनंतीपत्रावर मायकेल अँजेलोची सही असून कवीचें थडगें आपण बांधूं असें त्यानें त्यांत लिहिलें होतें. पोप मेदिची घराण्यांतलाच. त्यानें संमति दिली. परंतु फ्लॉरेन्सच्या लोकांनीं रॅव्हेनास जाऊन शवपेटिका उघडली, तों ती रिकामी. तेथील फ्रान्सिस्कन भिक्षूंनीं मागील भिंतीस भोंक पाडून अस्थि आधींच लपवून ठेविल्या होत्या. त्या सांपडल्या १८६५ सालीं, आणि आजही त्या रॅव्हेनांतच आहेत. १८२९ सालीं सांता क्रोचेंत रिच्ची ह्या शिल्पकारानें केलेलें मोठें स्मारक उभें राहिलें, तें शवावांचूनच. फ्लॉरेन्सला एवढेंच करतां येतें कीं, दर वर्षीं सप्टेंबर महिन्यांत रॅव्हेनाच्या समाधीवरील दिव्यासाठीं तें तेल पाठवितें. ज्याला घर नाकारलें, त्याच्या दिव्यांत तेल घालण्याचा मान तेवढा नगराकडे उरला.

१८०७ सालीं उगो फोस्कोलो ह्या कवीनें थडग्यांवर एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केलें, त्यांत सांता क्रोचेचा गौरव आहे. थोरांच्या समाधि जिवंतांस थोर कृत्यांची प्रेरणा देतात, हा त्याचा मुख्य विचार. इटली त्या वेळीं परकीयांच्या ताब्यांत होती. ह्या काव्यानें ह्या मंदिरास राष्ट्रीय तीर्थाचें स्वरूप आलें. फोस्कोलो स्वतः परागंदा होऊन १८२७ सालीं लंडनजवळ दारिद्र्यांत वारला. इटली स्वतंत्र व एक झाल्यावर १८७१ सालीं त्याच्या अस्थि सांता क्रोचेंत आणण्यांत आल्या.

मंदिराचा दर्शनी भाग शेंकडों वर्षें ओबडधोबड दगडांचाच राहिला होता. आजचा संगमरवरी दर्शनी भाग १८५३ ते १८६३ ह्या वर्षांतला. त्याच्या खर्चाचा मोठा वांटा फ्रान्सिस स्लोन ह्या प्रॉटेस्टंट इंग्लिश धनिकानें उचलला, आणि आराखडा निकोलो मातास ह्या ज्यू स्थपतीचा. शिखरावर मातासनें षट्कोनी तारा बसविला आहे. त्याचें थडगें मात्र मंदिरांत नाहीं. तो अन्यधर्मीय असल्यामुळें त्यास मुख्य दाराबाहेर, उंबरठ्यापाशीं जागा मिळाली. आंत जाणारा प्रत्येक यात्रेकरू त्याच्याजवळूनच जातो.

ज्या आर्नो नदीचा उल्लेख वर आला, ती मराठी मनुष्यास अगदींच परकी नाहीं. कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्समध्यें निधन पावले. तेव्हां ते अवघे वीस वर्षांचे होते. नगराधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली, आणि नगराच्या पश्चिमेस, आर्नो व मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर, हिंदुधर्माप्रमाणें त्यांस अग्नि देण्यांत आला. तेथें १८७४ सालीं उभारलेली त्यांची छत्री व अर्धपुतळा अद्याप आहे, आणि जवळचा नदीवरील पूल ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखला जातो.

हीच नदी सांता क्रोचेची जुनी वैरीण. मठ बांधला गेला तोच तिच्या सखल कांठावर. ४ नोव्हेंबर १३३३ रोजीं तिला महापूर आला होता. नेमक्या त्याच तारखेस, ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं, तिनें पुन्हां पात्र सोडलें. सांता क्रोचेची वस्ती सर्वांत सखल, म्हणून तेथें पाणी सर्वांत अधिक चढलें. त्यांत तळघरांतील टांक्या फुटून वाहिलेलें जळाऊ तेल मिसळलें होतें. पाणी ओसरल्यावर भिंतींवर व थडग्यांवर काळी चिकट रेघ राहिली. सर्वांत मोठा घाव बसला तो चिमाबुएच्या क्रूसास. चिमाबुए हा परंपरेप्रमाणें जॉत्तोचा गुरु. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें सुमारें साडेचार मीटर उंचीच्या लांकडी क्रूसावर मरणोन्मुख ख्रिस्त चितारला होता. देह एका अंगास झुकलेला, मान कलंडलेली, डोळे मिटलेले. विजयी देवाऐवजीं वेदना सोसणारा मनुष्य दाखविण्याच्या वाटेवरचें तें एक मोठें पाऊल होतें. मठाच्या जुन्या भोजनगृहांत तो क्रूस पुराच्या पाण्यांत बुडाला. लांकूड फुगलें, रंग सुटला, आणि सुमारें साठ टक्के चित्र वाहून गेलें. भिक्षु व कलारक्षक यांनीं चिखल चाळून रंगाचे बारीक कण वेंचले. देशोदेशींचे तरुण विद्यार्थी चिखल उपसण्यास धांवून आले. लोकांनीं त्यांस ‘चिखलांतले देवदूत’ असें नांव दिलें.

आतां प्रश्न उभा राहिला तो असा : गेलेल्या साठ टक्क्यांचें काय करावें? छायाचित्रें उपलब्ध होतीं. कुशल चित्रकारास सगळा ख्रिस्त पुन्हां हुबेहूब रंगवितां आला असता, आणि पुढच्या पिढीस कांहींच घडलें नाहीं असें वाटलें असतें. शंभर वर्षांपूर्वीं बिआंकीनें बार्डी उपमंदिरांत तेंच केलें होतें. दुसरा मार्ग म्हणजे भगदाडें तशींच सोडणें. पण मग पाहणाऱ्याची नजर उरलेल्या चित्राऐवजीं त्या भगदाडांवरच खिळून राहिली असती. उम्बेर्तो बाल्दिनी व ओर्नेल्ला काझाझ्झा ह्यांनीं मधला मार्ग काढला. लांकूड सावकाश वाळविण्यांत आलें, रंगाचा थर अलग करून सांवरण्यांत आला, आणि गेलेल्या जागीं उरलेल्या चित्रांतल्याच रंगांच्या अगदीं बारीक, एकमेकींस छेदणाऱ्या रेघा भरण्यांत आल्या. दुरून पाहिल्यास त्या रेघा चित्राशीं मिळून जातात व ख्रिस्ताची आकृति अखंड भासते. जवळ गेल्यास जुनें कोणतें व नवें कोणतें हें लहान मूलही सांगूं शकेल. दहा वर्षांच्या परिश्रमांनंतर १९७६ सालीं क्रूस सांता क्रोचेंत परतला.

त्याच पुरांत व्हासारीनें १५४६ सालीं पांच लांकडी फळ्यांवर रंगविलेलें ‘शेवटचें भोजन’ हें मोठें चित्रही बुडालें होतें. बारा तासांहून अधिक काळ तें पाण्याखालीं होतें. त्याची दुरुस्ती अशक्य मानली गेली होती, म्हणून तें तसेंच जपून ठेवण्यांत आलें. तंत्र पुढें गेलें, आणि पुराला पन्नास वर्षें पूर्ण झालीं त्या वेळीं, २०१६ सालीं, तें भोजनगृहांत परत आलें. पुन्हां पूर आल्यास तें वर उचलून घेण्याची सोयही केली आहे. ज्या व्हासारीनें दुसऱ्यांचीं चित्रें झांकलीं, त्याच्या चित्रास पुढच्या लोकांनीं पन्नास वर्षें धीर धरून वांचविलें. पेरुझींच्या भिंतींसही नवे डोळे लाभले आहेत. २०१० सालीं तज्ज्ञांनीं त्यांवर अतिनील किरण टाकले, तेव्हां साध्या प्रकाशांत न दिसणारे जॉत्तोचे चेहरे, वस्त्रांच्या चुण्या व त्यांतील छायाप्रकाश क्षणभर उजळून दिसले. दिवा मालवतांच भिंत पुन्हां पुसट झाली.

सांता क्रोचेनें पुष्कळ चुका पाहिल्या. त्यांतील कांहीं सुधारतां आल्या, कांहीं आल्या नाहींत. गॅलिलिओस योग्य जागा मिळाली; डान्टे परत आला नाहीं. जॉत्तोवरचा चुना निघाला. फ्रान्सिसच्या शय्येवरचा तुकडा गेला तो गेलाच. ह्या मंदिराची खरी शिकवण त्याच्या वैभवांत शोधण्यापेक्षां त्याच्या उघड्या राखलेल्या जखमांत शोधावी. मागच्या पिढीची चूक झांकून नवें रंगविणें सोपें असतें. ती तशीच उघडी टाकून हळहळत बसणेंही सोपें. झालेली हानि मान्य करून, उरलेलें जपून, दोहोंमधली रेघ स्पष्ट ठेवणें हें अवघड. चिमाबुएच्या क्रूसावर त्या बारीक रेघा भरणाऱ्या हातांनीं तें केलें. रिकाम्या थडग्यावर डान्टेचें नांव कोरणाऱ्या आणि दर सप्टेंबरांत रॅव्हेनास तेल पाठविणाऱ्या नगरासही तें साधलें आहे. जुन्या वास्तु, जुने ग्रंथ व जुनीं माणसें यांचें ऋण ज्या समाजावर आहे, त्यानें सांता क्रोचेपासून एवढें घेतलें तरी पुष्कळ झालें.